शहादेवच्या रविवारची सायकल

मित्रांनो, केजजवळच्या एका सहकारी दूध संघाच्या आवारात, बॉयलरच्या खोलीमागे पडलेली हिरवी सायकल म्हणजे मी. जुनी माउंटन बाइक आहे मी. जाड दातेरी टायर, पुढे धक्के सोसणारे दोन शॉक आणि एकवीस गिअर. त्यातले आता किती पडतात, मला माहीत नाही. बरेच दिवस कुणी टाकून पाहिलेले नाहीत.

कारखान्यात माझा सांगाडा हलक्या नळ्यांचा केला होता. चढ चढावा, दगडांवरून उड्या माराव्यात, म्हणून. ओझं वाहण्यासाठी मी नव्हते, त्यामुळे मला कॅरिअरही दिलं नव्हतं. पण माझी पहिली दोन वर्षं पुण्यात एका इंजिनिअरच्या बाल्कनीत गेली. माझ्या हँडलवर ते टॉवेल वाळत घालायचे. तिथून शहादेवनं मला जुन्या भावात विकत घेतलं आणि एसटीच्या टपावर टाकून केजला आणलं.

शहादेव दूध संघात दूध तपासायचा. गावोगावच्या कॅनमधलं दूध घ्यायचं, त्यातली फॅट मोजायची, पाणी घातलंय का पाहायचं. सकाळी सहा ते दहा आणि संध्याकाळी पाच ते नऊ अशी ड्यूटी. मधल्या वेळात घरचं काम, भर उन्हातली झोप. सोमवार ते शनिवार मी ड्यूटीच्या वेळी संघाच्या आणि एरवी घराच्या भिंतीला टेकून असायची. तरी मंगळवारी तो माझ्या साखळीला तेल द्यायचा, गुरुवारी ब्रेक आवळायचा, शनिवारी टायरमधले बाभळीचे काटे चिमट्यानं उपटायचा. त्याची बायको पारूबाई म्हणायची, "एवढं तर तुमी माज्याकडं बी बगत न्हाई."

आणि रविवार आला, की उजाडताना आम्ही बालाघाटाच्या डोंगरात.

काय सांगू तुम्हाला! सीताफळीच्या झुडपांतून जाणारी मुरमाची वाट, तिच्यावर सुटे दगड. चढावर शहादेव जिभेनं टक् टक् आवाज काढत गिअर बदलायचा. माथ्यावर पोचला, की दोन्ही हात सोडून ओरडायचा. एकदा आम्ही डोंगराडोंगरानं पार कपिलधारच्या धबधब्यापर्यंत जाऊन आलो. लोक हसायचे. "पेट्रोल परवडंना का बे?" असं विचारायचे. तो नुसता हसून मान हलवायचा. आठवडाभर आंबूस दुधाच्या वासात उभा राहणारा तो माणूस त्या एका दिवसावर जगत होता.

मग दुष्काळ पडला. लागोपाठ दुसऱ्या वर्षी. जनावरं चारा छावणीत गेली, दूध निम्म्यावर आलं. माणसांना पाणी टँकरनं यायचं, पण दुधात मात्र पाणी कसं कोण जाणे आटत नव्हतं. एके सकाळी शहादेवनं चार कॅन परत केले. ते संघाचे संचालक मोहनराव यांचे निघाले.

व्यवस्थापक विठ्ठलराव धावत आले. "शहादेव, कॅन कुणाचे हायेत ते बगितलं का?"

"साहेब, मी दूध बगतो. कॅनवरलं नाव बगत न्हाई."

विठ्ठलराव ओरडले नाहीत. त्याच्या खांद्यावर हात ठेवून हसले. त्या हसण्याची मला तेव्हा भीती वाटली नाही. वाटायला हवी होती.

पुढच्या शनिवारी त्यांनी शहादेवला बोलावलं. मी ऑफिसच्या खिडकीखालीच होते. "तुला डोंगरात सायकल हाणायचा लई नाद हाय म्हणं? चांगलं हाय. संघाच्या जीपचं रविवारचं डिझेल बंद केलंय. वरल्या वाड्यांचं दूध तूच तपासून येत जा. दर रविवारी."

मित्रांनो, शहादेव वेडा. त्याला आनंद झाला. आवडती वाट, तीही कामाची! पाठीवर नमुन्याच्या बाटल्या घेऊन पहिले दोन रविवार तो गात गेला.

तिसऱ्या रविवारी विठ्ठलराव म्हणाले, "जातोसच तर येताना दूध बी आण." संघाच्या लोहारानं माझ्या नाजूक नळ्यांना लोखंडी कॅरिअर ठोकून बसवलं. दोन्ही बाजूंना एकेक कॅन. मी उतारावर डगमगू लागले. शहादेव आता ओरडत नव्हता, ब्रेक दाबून दाबून त्याची बोटं वाकडी झाली होती. घरी आला, की मला भिंतीला टेकवून तिथंच बसायचा. साखळीला तेल देणं बंद झालं. मागच्या चाकाजवळच्या जोडाला चीर पडली, तीसुद्धा त्याला दिसली नाही. एरवी त्याला माझ्या रंगावरचा ओरखडा दिसायचा.

एप्रिलच्या एका रविवारी, वाडीच्या उतारावर, तो जोड तुटला.

मी तुटले. हे मी लपवत नाही. कॅन पुढे फेकले गेले, शहादेव त्यांच्यावर पडला आणि मी त्याच्या गुडघ्यावर. दूध मुरमात क्षणात जिरलं. वाटेनं चाललेल्या एका जीपवाल्यानं आम्हा दोघांना केजला आणलं, त्याला दवाखान्यात आणि मला त्याच्या पडवीत.

आठ दिवसांनी पायाला प्लास्टर घालून तो घरी आला. दुसऱ्या दिवशी विठ्ठलराव मोसंबी घेऊन आले. सोबत एक लिहिलेला कागद.

"सही कर. साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी स्वतःच्या हौसेखातर सायकल चालवताना पडलो, असं लिवलंय."

पारूबाई दारातून म्हणाली, "साहेब, कॅन तर तुमचेच होते की."

विठ्ठलराव शांतपणे तिच्याकडे वळले. "मग इनापरवानगी संघाचे कॅन नेले, असं लिवू का? चोरीची केस व्हईल. नोकरी जाईल. छावणीत बसलेली लई माणसं ही जागा मागायलीत, बाई."

शहादेवनं सही केली. मोसंबी तिथंच वाळून गेली, कुणी खाल्ली नाही. पाय बरा झाला, पण गुडघा वाकेना. गुडघा वाकत नसेल, तर पेडल फिरत नाही, हे तुम्हाला सांगायला नको.

ऑगस्टमध्ये संघाची वार्षिक सभा शाळेच्या पटांगणात भरली. त्याआधी लोहार येऊन मला घेऊन गेला. तुटलेला जोड वेल्डिंगनं सांधला, धूळ पुसली, हार घातला आणि मला मंचावर उभं केलं. विठ्ठलरावांनी माइक घेतला. दुष्काळात संघानं सायकलवर दूध गोळा करून डिझेल कसं वाचवलं ते सांगितलं. ही योजना आता इतर कर्मचाऱ्यांनाही लागू होणार होती. मग शाल-नारळ घ्यायला शहादेवला बोलावलं. तो काठी टेकत आला.

"दोन शब्द बोल," विठ्ठलराव म्हणाले.

शहादेवनं माझ्या हँडलवर हात ठेवला. उतारावरच्या त्या दिवसानंतर पहिल्यांदाच.

"मी हौसंनं पडलो न्हाई," तो म्हणाला. "संघाचं दूध आणताना पडलो. कागदावर सुट्टी लिवलीया, ती खोटी हाय. सही मीच केली, ती बी खोटी."

क्षणभर मला वाटलं, आता कुणीतरी उठेल.

विठ्ठलरावांनी माइक हळूच काढून घेतला. "बगा मंडळी, पडला गुडघ्यावर अन् लागलं डोक्याला!"

आधी मोहनराव हसले. मग ज्यांचं दूध कधी ना कधी परत गेलं होतं, ते सगळे हसले. मग बाकीचे. शहादेव काठी शोधत खाली उतरला. ती मंचाच्या मागे कुणीतरी लाथेनं सरकवली होती.

दुसऱ्या दिवसापासून त्याला कॅन धुवायला लावलं. ताठ पायानं दिवसाचे आठ तास उभं राहून. तपासणीच्या टेबलावर मोहनरावांचा भाचा बसला. आणि मला शहादेवला परत न देता आश्रुबाच्या हवाली केलं. आश्रुबा इतकी वर्षं कॅन धूत होता, आता दर रविवारी वाड्यांना त्यानं जायचं होतं. त्यानं एकदा धुण्याच्या हौदापाशी उभ्या शहादेवकडे पाहिलं, मग खाली बसून माझ्या दोन्ही चाकांची हवा सोडून दिली.

"साहेब, पंचर हाय."

दुसऱ्या रविवारीही पंचर. तिसऱ्या रविवारीही. चौथ्या रविवारी विठ्ठलराव वैतागले आणि त्यांनी मला बॉयलरमागे फेकायला लावलं. आश्रुबाचा महिन्याभराच्या रविवारांचा पगार त्यांनी हिशेबानं कापला, पण डोंगरात कुणाला पाठवलं नाही.

तेव्हापासून मी इथं आहे. टायर उन्हानं तडकलेत. पलीकडून कॅन घासल्याचा आवाज येतो, शहादेवचाच असावा.

मित्रांनो, सायकलीला तेल द्या, तिची निगा राखा, हे तुम्हाला सगळेच सांगतात. मी दुसरंच मागते. कुणी आठवड्यातला एखादा दिवस जिवापाड जपत असेल, तर तो त्याच्याकडून काढून घेऊ नका. आणि कुणी सगळ्यांसमोर खरं बोललं, तर निदान हसू नका. त्या सभेत पुढच्या रांगेत शाळेची मुलं बसवली होती. सगळ्यात मोठ्यानं तीच हसली. त्यांच्यात तुमच्यापैकी कोण होतं, हे मला मंचावरून नीट दिसलं नाही.