पंपाचा तक्ता

"अहो काका, पण सायकल चालवतं कोण?"

तिसऱ्या दुकानातल्या बाईंनी हे विचारलं तेव्हा माझ्या एका हातात वही होती आणि समोरच्या काचेवर चार पंप ओळीने मांडलेले होते. एक वीतभर लांबीचा, हाताने मारायचा. एक पायाने दाबायचा. एक गॅसच्या नळकांडीवर चालणारा, बाईंच्या म्हणण्याप्रमाणे डोळ्याचं पातं लवेपर्यंत चाक टणक करणारा. आणि एक बॅटरीवरचा, ज्याच्यावर हवेचे आकडे उमटायचे.

"आमची ही चालवते," मी म्हणालो.

"मग त्यांनाच आणा की! हातात धरून बघू देत. पंप मारणार त्या, आणि वजनं करत बसलाय तुम्ही."

मी खरोखरच त्यांच्याकडून काटा मागून घेऊन एकेका पंपाचं वजन करत होतो. मी हसलो आणि वहीत लिहिलं, 'बॅटरीवरचा, चारशे वीस ग्रॅम'. बाईंचं बोलणं माझ्या कुठल्याच रकान्यात बसत नव्हतं, त्यामुळे ते लिहायचं राहिलं.

मी पाणीपुरवठा खात्यात तेहतीस वर्षं भांडारपाल होतो. नळाचा वॉशर असो नाहीतर पंपघराची मोटर असो, तीन ठिकाणची माहिती तुलनात्मक तक्त्यात मांडल्याशिवाय मी कागद सहीला पाठवला नाही. खात्यात मला तक्तेसाहेब म्हणायचे. नव्याने लागलेल्या लोकांना ते माझं आडनावच वाटायचं. मला त्याचा अभिमान होता, आता लपवून काय करायचंय? माझ्या हातून एकही वाईट वस्तू खात्यात आली नाही. उशिरा आलेल्या वस्तूंचा तक्ता कुणी मागितला नाही, हे माझं नशीब.

घरातही तीच तऱ्हा. पंखा घ्यायचं मनात आलं की तो घरात येईपर्यंत उन्हाळा संपलेला असायचा. 'थांब, बघू' हे माझं पालुपद. आमची मुलगी 'आई' म्हणायच्या आधी 'थांब बगू' म्हणायला शिकली, असं ही आल्यागेल्याला सांगायची. तेव्हा हसत सांगायची.

ही सायकल शिकली ती पन्नाशी उलटल्यावर, आणि तीही ताईसाठी. ताई म्हणजे हिची थोरली बहीण. आई लवकर गेली, त्यामुळे हिला न्हाऊमाखू घालून, वेण्या घालून वाढवलं ते ताईनेच. ती आमच्यापासून नऊ किलोमीटरवर, कालव्याच्या पलीकडे राहायची. सोबतीला एक सांभाळणाऱ्या बाई होत्या. दोन-तीन वर्षांपासून तिची आठवण जायला लागली होती. आधी ती चष्मा विसरायची, मग शेगडी बंद करायला, मग माणसांची नावं, आणि शेवटी माणसंच. तिकडे बस दिवसातून एकदाच जायची, तीही संध्याकाळी. म्हणून हिने मैदानात दोन्ही गुडघे फोडून घेतले, पण सायकल शिकलीच. दर बुधवारी कालव्याकाठच्या रस्त्याने जायची, ताईचे केस विंचरून वेणी घालायची आणि परत यायची.

ताई हिचा चेहरा विसरली होती. पण फाटकाशी सायकलची घंटी वाजली की आतून म्हणायची, "आली माझी धाकटी." मग त्या दिवसापुरती ही तिची धाकटी असायची. तेवढ्या घंटीवर दोघींचं नातं तगून होतं.

एका बुधवारी परतताना चाक बसलं आणि हिला चार किलोमीटर सायकल ढकलत यावं लागलं. दुसऱ्या दिवशी कोपऱ्यावरच्या दुकानात हिने तो वीतभर लांबीचा पंप दाखवला. "अहो, हा घेऊन टाकू या. पिशवीत मावतोय."

"थांब, बघू," मी म्हणालो. "तुझा खांदा दुखतो. याला तीनशे हात तरी मारावे लागतील. जरा चौकशी करू, याच्याहून चांगला मिळेल."

ते काही खोटं नव्हतं. हिचा खांदा दुखायचाच. मी हिच्या भल्यासाठीच वही आणली आणि रकाने आखले. हातपंपाला काही चार्ज करावं लागत नाही, पण खांद्याला त्रास. गॅसवरचा झटपट, पण एका नळकांडीत एकच चाक, मग दुसऱ्यांदा बसलं तर? बॅटरीवरचा नुसतं बटण दाबलं की चालू, पण चार्ज करायचं विसरलं तर हातात दगड. पायाचा मजबूत, पण पिशवीत मावेना. पाच आठवडे गेले. ही मधूनमधून विचारायची, "ठरला का हो पंप?"

"ठरतोय."

"लेकीचं लग्नसुद्धा याच्या आधी ठरलं होतं," ही म्हणाली. आम्ही दोघंही हसलो.

मग भाच्याचा, म्हणजे ताईच्या मुलाचा, फोन आला. तो ताईला कायमचं आपल्याकडे, सात तासांच्या प्रवासावर घेऊन जाणार होता. त्याचंही चुकत नव्हतं. बुधवारी सकाळी साडेदहाला निघायचं ठरलं. "मावशी, तू येच," तो म्हणाला. "वेणी तूच घाल. आईला दुसऱ्या कुणाचा हात चालत नाही."

"रिक्षाने जाऊ, मीही येतो," मी म्हणालो.

"नको. घंटी ऐकल्याशिवाय ती मला ओळखायची नाही."

बुधवारी ही सव्वानऊला निघाली. दहाला पाच मिनिटं कमी असताना फोन आला. "अहो, मागचं चाक बसलंय. जुन्या पंपघरापाशी आहे मी, तीन किलोमीटर राहिलंय. भाच्याचा फोनही लागत नाहीये. काय करू?"

"थांब, बघू," मी म्हणालो.

आणि खरंच बघत बसलो. नाक्यावरून रिक्षा करावी, तर कालव्याच्या खड्ड्यांतून यायला ते लोक कुरकुर करतात. शेजाऱ्यांची गाडी मागावी, तर शेजारी आंघोळीला गेलेले. सायकलवाल्याला स्कूटरवरून पाठवावं, तर त्याचं दुकान दहानंतर उघडणार. हातात वही नव्हती एवढंच, डोक्यात रकाने पडलेच होते. शेजाऱ्यांची आंघोळ होईपर्यंत थांबलो, सायकलवाल्याच्या बंद दारापर्यंत जाऊन आलो, आणि शेवटी जी पहिल्यांदा सुचली होती तीच रिक्षा केली. तेव्हा साडेदहा वाजून गेले होते.

पंपघरापाशी ही नव्हती. ताईच्या घरी पोचलो तर ही पायरीवर बसलेली, सायकल भिंतीला टेकवलेली आणि दाराला कुलूप. हिच्या हातात कंगवा होता.

सांभाळणाऱ्या बाई तिथेच उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "दहा मिनिटं वाट बघितली हो त्यांनी. पण आगगाडी कुठे थांबतेय? मोटारीने पलीकडच्या रस्त्याने स्टेशनवर गेले. ताई गाडीत बसल्यावरसुद्धा काच खाली करून सारखं म्हणत होत्या, घंटी वाजली का बघा."

ही माझ्यावर ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. उठून पदर झटकत म्हणाली, "तुम्ही थांब म्हणालात, म्हणून वीस मिनिटं थांबले मी तिथे. मग निघाले."

मी मनातल्या मनात हिशोब केला. ती वीस मिनिटं थांबली नसती, तर ताई भेटली असती. तेहतीस वर्षांत इतका सोपा हिशोब मी कधी केला नव्हता.

दुपारी सायकलवाल्याने ट्यूब पाण्यात बुडवून बघितली. "बारीक काटा आहे साहेब. हवा अगदी हळूहळू जात होती. रस्त्यात पंप मारला असता तर आरामात पोचल्या असत्या बाई."

"कुठला पंप?" मी विचारलं. सवय, दुसरं काय!

त्याने माझ्याकडे विचित्र नजरेने बघितलं. "कुठलाही."

त्याच संध्याकाळी मी तो वीतभराचा पंप आणला. हिने तो हातात घेतला, "बरा आहे" म्हणाली आणि खिडकीत ठेवून दिला. सायकल मागच्या दाराशी उभी राहिली. हिने ती पुन्हा काढली नाही.

तीन महिन्यांनी आम्ही ताईला भेटायला गेलो. निघायच्या आदल्या दिवशी हिने पेचकस घेऊन सायकलची घंटी काढली आणि रुमालात बांधून पर्समध्ये टाकली. ताई खिडकीपाशी खुर्चीत बसली होती, वाळलेली, केस बारीक कापलेले. ही तिच्या समोर स्टूल ओढून बसली, तरी ताईची नजर परक्यासारखी. मग हिने मांडीवर घंटी धरून वाजवली.

ताईचा चेहरा उजळला. "आली माझी धाकटी," ती म्हणाली, आणि वळून दाराकडे बघायला लागली.

ही तिच्यापासून हातभर अंतरावर होती. हिने पुन्हा घंटी वाजवली. ताई दाराकडेच बघत राहिली. थोड्या वेळाने तिने हिलाच विनवलं, "अहो बाई, बघता का जरा? फाटकाशी असेल. तिला म्हणावं, आत ये."

ही उठली. दारापर्यंत गेली, क्षणभर तिथे पाठमोरी उभी राहिली आणि परत आली. ताईच्या बारीक केसांवरून हात फिरवत म्हणाली, "येतेय हं. रस्त्यातच आहे."

घंटी आम्ही तिथेच ठेवून आलो.

आता बुधवारी सकाळी मी सायकल पुसतो आणि त्या पंपाने दोन्ही चाकांत हवा भरतो. न चालवताही आठवड्याभरात हवा थोडी उतरतेच. मागचं चाक एकदा मुद्दाम पूर्ण रिकामं करून मोजलं. तक्त्यात मी तीनशे हात लिहिले होते, प्रत्यक्षात एकशे ऐंशी लागले. मध्ये मध्ये थांबून मारले असते, तर हिच्या खांद्याला झेपले असते.

परवाच्या बुधवारी ही हात पुसत मागच्या दारात आली. वाकून तिने अंगठ्याने मागचं चाक दाबून बघितलं, पूर्वी निघायच्या आधी बघायची तसं.

"चांगली भरलीय," ती म्हणाली.

"घंटी नवी आणू?" मी घाईघाईने म्हणालो. "आत्ता जाऊन आणतो. कुठलीही. कालव्यापर्यंत एक फेरी मारून ये."

तिने हँडलवरच्या रिकाम्या जागेवरून बोट फिरवलं. तिथे रंगाचा एक गोल, उन्हाने न विटलेला डाग आहे.

"थांबा, बघू," ती म्हणाली. त्यात टोमणा नव्हता. मग ती आत गेली, आणि मी पंप हातात धरून पायरीवर बसलो.