पान दोनशे सतरा

मी काळा मार्कर बोलतोय. बोलतोय कसला, कुजबुजतोय म्हणा. पोटात शाईचा थेंब उरलेला नाही. पण त्या युद्धाबद्दल माझ्याइतकं ठाऊक असलेला या शहरात क्वचितच कुणी सापडेल. लोकांनी वाचला तो मी झाकून उरलेला अहवाल. मी वाचला तो झाकण्याआधीचा.

कारखान्यातून आम्ही बारा भावंडं एका खोक्यातून निघालो आणि दुकानात पांगलो. एक शाळेत गेला, एक गोदामात खोक्यांवर पत्ते लिहायला लागला. मला सरकारी नोकरी लागली. केवढा मिरवलो मी! वाटलं, आता आपल्या हातून मोठमोठ्या पाट्या लिहिल्या जाणार. पुढे जन्मभर मी एक अक्षरसुद्धा लिहिलं नाही.

माझी नेमणूक झाली ती चौकशी समितीच्या कचेरीत. सहा वर्षांपूर्वी नदीवरच्या एका पुलासाठी एकोणीस दिवस युद्ध झालं होतं. आपण जिंकलो, असं आपल्याकडे सांगतात. पलीकडचेही आपणच जिंकलो असं सांगतात. पूल मात्र दोघांनाही मिळाला नाही, कारण तो पडला. मग हे युद्ध नक्की झालं कशासाठी, हे शोधायला पाच शहाण्यांची समिती बसली आणि बसली ती चांगली पाच वर्षं बसली.

अध्यक्ष होते निवृत्त न्यायाधीश. त्यांच्या मते सगळा गैरसमज होता. सेनापती म्हणाले, देशाच्या इज्जतीचा प्रश्न होता. प्राध्यापकांनी दाखवून दिलं, की निवडणूक चार महिन्यांवर आली होती आणि पाव महाग झाला होता. हिशेब तपासणाऱ्या बाईंनी पलीकडच्या काठावरच्या दगडखाणींचे कागद काढले. पाचवे सदस्य चौघांशीही सहमत होते. शेवटी चौथ्या प्रकरणात छापून आलं, की ‘युद्ध परिस्थितीमुळे उद्भवलं’. परिस्थितीला कुणी साक्षीला बोलावलं नव्हतं, त्यामुळे तिनंही नाकारलं नाही.

असा चारशे बारा पानांचा अहवाल आमच्या तिसऱ्या मजल्यावरच्या खोलीत आला. जनतेसमोर ठेवण्याआधी त्यातलं गोपनीय झाकायचं होतं. खोलीत माणसं तीन. साहेब लाल पेन्सिलीनं ओळींना चौकट करायचे. ताई, म्हणजे आमची लिपिक, त्या ओळींवरून मला फिरवायची. आणि सुभेदार, म्हणजे गुडघा गमावून फौजेतून आलेला शिपाई, शेवटी सगळ्या पानांची एकदम झेरॉक्स काढणार होता. बाहेर जायची ती झेरॉक्स. मूळ कागद लोखंडी कपाटात.

हा दुहेरी खटाटोप का, ते कळलं तेव्हा मला फार लागलं. माझा रंग कितीही काळा असला तरी मूळ कागद उजेडासमोर धरला, की खालची छापील अक्षरं दिसतात. झेरॉक्समध्ये मात्र काळं ते काळंच. म्हणून ताई प्रत्येक गठ्ठ्यामागे न चुकता म्हणायची, “साहेब, मूळ प्रत जात नाही बरं का.” आणि साहेब म्हणायचे, “माहितीये हो, ताई.”

काम मजेचं होतं. ‘निर्णय घेण्यात आला’ अशा वाक्यांना मला कधी हात लावावा लागला नाही. निर्णय घेणाऱ्याचं नाव आलं, की माझी हाक यायची. प्राध्यापकांची निवडणूक मी झाकली, बाईंच्या खाणी झाकल्या. गैरसमज तेवढा उघडा राहिला, कारण त्याला कुणी मालक नव्हता.

“साहेब,” सुभेदार एकदा म्हणाला, “युद्धाची कारणं झाकायची, तर मग समिती बसवली कशाला?”

“कारणं शोधायला.”

“आणि सापडल्यावर?”

“सुभेदार, जरा विचार करा. या युद्धाची खरी कारणं लोकांना सांगितली, तर पुढचं युद्ध कोणत्या तोंडानं करायचं? झाकली मूठ सव्वा लाखाची.”

“कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही, साहेब.”

“म्हणूनच मार्कर आणलाय,” साहेब म्हणाले आणि स्वतःच हसले. मीही तेव्हा त्यांच्या बाजूचा होतो.

ताईचा धाकटा भाऊ त्या पुलावर गेला होता, हे सुभेदाराखेरीज कचेरीत कुणाला माहीत नव्हतं. साहेबांना कळलं असतं, तर हे काम तिच्याकडून काढून घेतलं असतं. जेवणाच्या सुट्टीत ती सुभेदाराशी हळूच बोलायची. सरकारी पत्रात लिहिलं होतं, की भाऊ ‘पहाटेच्या हल्ल्यात शत्रूशी लढताना’ गेला. आई मात्र सहा वर्षं एकच धरून बसली होती: पहाटे गेला तर त्याच दिवशी दुपारी दोनला मला फोन कुणी केला?

“तो म्हणाला होता म्हणे, ‘आई, संपलं. आता नुसतं उभं राहायचंय.’” ताई सांगत होती. “मेजरसाहेब घरी आले होते, ते म्हणाले, माऊली, आदल्या दिवशीचा फोन असेल. शेजारीपाजारी म्हणाले, दुःखानं डोकं फिरलंय. शेवटी मीच तिला डॉक्टरकडे नेलं. रोज एक पांढरी गोळी देते.”

“घेते?”

“घेते. वर म्हणते, गोळी घेतली तरी दोन वाजले होते.”

आणि मग आलं पान दोनशे सतरा.

साहेबांनी नऊ ओळींना चौकट केली होती. मला ओळ झाकायची तर ती आधी ताईनं बघायला हवी. तिनं बघितली आणि माझं टोपण तिच्या हातातच राहिलं. तिथं लिहिलं होतं, की त्या दिवशी सकाळी दहाला युद्धबंदी ठरली. साडेदहाला अभियंत्यांनी कळवलं, पुलाचे खांब तडकलेत, कधीही जाईल. तुकडी मागे घ्यायचा आदेश अकराला तयार झाला. पण सर्वोच्च नेत्यांच्या रात्री आठच्या भाषणात एक वाक्य होतं: ‘या क्षणी आपले जवान पुलावर ताठ उभे आहेत.’ वाक्य खोटं पडू नये म्हणून आदेश भाषण संपेपर्यंत थांबवण्यात आला. संध्याकाळी पावणेसातला पूल आपोआप कोसळला. चौदा जवान गेले. आठ वाजता भाषण ठरल्याप्रमाणे झालं.

“साहेब,” ताई म्हणाली, “यात गोपनीय काय आहे?”

“कुठं? हां, ते. वेळा, ताई. वेळा गोपनीय असतात.”

“सहा वर्षांनंतरही?”

“वेळ कधी शिळी होते का? लावा काळं. उद्या बाराला अहवाल सभागृहात ठेवायचाय.”

तिनं काळं लावलं. नऊच्या नऊ ओळी. मी आयुष्यात इतका जड कधी चाललो नव्हतो. शेवटची ओळ फिकट उमटली, कारण माझी शाई तिथंच संपली. तिनं ती ओळ पुन्हापुन्हा घासली. नोकरी होती, घरी आई होती, तिनं काय करायचं? मला तिचा राग आला नाही. मला माझी लाज वाटली, आणि मार्करला लाज वाटून उपयोग नसतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी झेरॉक्सचं यंत्र बसलं. शाईचं नवं खोकं मागवायचं तर तीन सह्या लागत होत्या आणि दोन सह्या रजेवर होत्या.

“समोरच्या दुकानात काढून आणतो, साहेब,” सुभेदार म्हणाला. “अर्ध्या तासाचं काम.”

“बाहेर?” साहेब किंचाळले. “वेड लागलंय का? गोपनीय अहवाल आहे हा! इमारतीबाहेर पान जाता कामा नये.” त्यांनी घड्याळ पाहिलं. साडेअकरा. “जाऊ दे. मूळ प्रतच ठेवू. काळं लावलंय ना? काळं ते काळंच.”

गुप्तता पाळण्याच्या नियमामुळे सगळी गुपितं सभागृहात निघाली होती. सुभेदारानं ताईकडे पाहिलं. रोज म्हणायचं ते एक वाक्य तिच्या ओठावर आलेलं मला दिसलं. साहेबांनाही दिसलं असावं.

“काही अडचण आहे का, ताई?”

तिनं माझं टोपण घट्ट बसवलं.

“नाही, साहेब.”

संपलेला मार्कर म्हणून तिनं मला पर्समध्ये टाकलं. आठवड्यानं सभागृहाच्या वाचनालयात अहवाल सर्वांसाठी खुला झाला. बसून वाचा, लिहून घ्यायचं नाही. दारावरच्या माणसानं पर्समधून मला काढलं, कागदावर ओढून पाहिलं आणि “यात काही नाही” म्हणत परत दिलं. त्याचं खरंच होतं.

ताईनं आईला खिडकीजवळ बसवलं. पान दोनशे सतरा काढलं, उचललं आणि काचेसमोर उन्हात धरलं. माझ्या काळ्याखालून अक्षरं एकेक करून वर आली. आई चष्मा सावरत, बोट फिरवत, लहान मुलासारखी अक्षर अक्षर लावत वाचत होती. ताईचे हात भरून आले, तरी तिनं पान खाली केलं नाही.

“आई, तुझं खरं होतं,” ती म्हणाली. “मीच तुला... मला माफ कर.”

 आईचं बोट शेवटच्या, फिकट ओळीवर थांबलं होतं.

“आठ वाजता आपण टीव्हीसमोर होतो ना ग?”

“हो.”

“तो नेता म्हणाला, जवान पुलावर ताठ उभे आहेत. आणि मी टाळ्या वाजवल्या.”

मी कितीतरी ओळी झाकल्या, पण आईच्या या ओळीवर फिरवायला माझ्याकडे शाई असती तर मी ती सगळी दिली असती.

आता मी ताईच्या घरी खणात पडलेला असतो. शेजारी पांढऱ्या गोळ्यांची बाटली आहे; त्या दिवसापासून तिचं झाकण कुणी उघडलेलं नाही. अहवाल म्हणे पुन्हा कपाटात गेला, आणि साहेबांना बढती मिळाली. नव्या मार्करचं खोकंही आलंय, असं सुभेदार परवा सांगून गेला. त्यात माझीच भावंडं असतील. त्यांना दोष देऊ नका. तुमच्यासमोर कधी असं पान आलं, तर ते तेवढं खिडकीपाशी न्या. आणि रात्री आठ वाजता कुणी टाळ्या मागितल्या, तर आधी विचारा, पूल आहे का जागेवर?