मधली अंधारी जागा

मित्रांनो, मी एक जुना सापळा आहे, पण उंदरांचा नव्हे. मी अणू पकडतो, तेही एकेक करून. लेथवाल्या काकांनी माझ्या चार कांड्या इतक्या गुळगुळीत केल्या होत्या की बोटाचा डागही त्यांना खपत नसे. मग मला पोलादी डब्यात बसवून आतली हवा काढून घेतली. विजेच्या जोरावर मी विद्युतभारित अणू अधांतरी धरून ठेवत असे. लेसर त्यांना शांत करी आणि ते पडद्यावर एका ओळीत ठिपक्यांसारखे चमकत, एकमेकांना दूर लोटत, मध्ये अंतर राखून. पाहुणे तोंडात बोट घालत. तेव्हा माझा फार थाट होता.

माझ्यावर प्रयोग करणाऱ्या बाई मात्र ठिपका विझायची वाट बघत. त्या आत वायूची किंचित फुंकर सोडत. अणूची वायूशी रासायनिक क्रिया झाली की त्याचा नवा रेणू होतो आणि तो लेसरमध्ये चमकत नाही. पण तो जात नाही, माझ्याच कुशीत असतो. बाईंचा वायू भलता हट्टी निघाला. कित्येक वर्षं काहीच घडलं नाही. शेवटी असा दिवस आला की दुसऱ्याच दिवशी लेसर वेगळ्या खोलीत जाणार होता आणि बाई निवृत्त होणार होत्या. त्या शेवटच्या दुपारी ओळीतल्या तीन अणूंपैकी मधला विझला.

बाईंना आनंदाने रडू आलं. आता त्याला हलकेच झुलवून वजन काढायचं आणि तो नवा रेणूच आहे हे सिद्ध करायचं होतं, नाहीतर कोणी विश्वास ठेवला नसता. पण घरी आजारी बहिणीच्या औषधाची वेळ झाली होती. "आलेच हं," असं मलाच सांगून त्या गेल्या.

तेवढ्यात बाईंच्या जागी नेमलेले नवे सर आले. माणूस भला, पण हात फार उतावळे. त्यांनी माझी वीज बंद करून पुन्हा लावली. सगळे अणू गेले. मला ओरडता आलं नाही.

"बाई, एक अणू पळाला होता," बाई परतताच ते अभिमानाने म्हणाले. "तुम्हाला त्रास नको म्हणून नवे तीन भरून ठेवलेत."

बाई खुर्चीत बसल्या. "मधला दिसत नव्हता ना?"

"हो."

"मग शेजारचे दोघं जवळ का नाही सरकले, सर?"

म्हणजे मधला तिथेच होता, हे सरांना आता कळलं. मग त्यांचा चेहरा उतरला.

"जाऊ दे," बाई म्हणाल्या. "मीच सांगून जायला हवं होतं."

त्या संध्याकाळपर्यंत बसल्या, पण नवे तिघं चमकतच राहिले. त्यानंतर बाई आल्या नाहीत. मी आता कपाटात आहे, डबा उघडाच आहे. मला फार वाईट वाटतं.

मित्रांनो, माझ्यावरची धूळ पुसली नाहीत तरी चालेल. पण कोणी चमकेनासं झालं म्हणून ते गेलंच, असं ठरवू नका. आधी शेजारच्यांकडे बघा. ते अजून त्याची जागा मोकळी ठेवून उभे असतील.