दर दोन तासांनी

साक्षीताईंनी भागूच्या दंडाला घेर मोजायची रंगीत पट्टी गुंडाळली, सोडली, पुन्हा गुंडाळली. दोन्ही वेळा खूण लाल रंगावरच आली.

अश्विनी बघत होती. लाल म्हणजे पोर धोक्याइतकी वाळलेली, हे तिला कुणी सांगायची गरज नव्हती.

भात झोडून झालं की तळेघरच्या वरच्या वाडीतून तिची टोळी कांद्याच्या लागणीला आळे गावाला उतरायची. गावाबाहेरच्या माळावर त्यांची पालं पडायची. यंदा पोटची पंधरा महिन्यांची पोर, भागू, बरोबर होती. साक्षीताई गावातल्या अंगणवाडीच्या सेविका. पालांवरची पोरं त्यांच्या वहीत नव्हती, तरी त्या वजनकाटा घेऊन माळावर आल्या होत्या.

"आमच्यात पोरं बारीकच असत्यात," अश्विनीची सासू जानकाबाई म्हणाली. "हिचा बापबी असाच व्हता."

"बारीक असणं वेगळं, आजी. पंधरा महिन्यांची पोर आणि सव्वासहा किलो? दिवसभर काय खाते ही?"

 सकाळी अंधारात अश्विनी भाकरीचा तुकडा भरवून शेतावर जायची, ती दिवस मावळल्यावर यायची. मधल्या वेळात जानकाबाई चहात बिस्कीट बुडवून द्यायची. भागू रडायची नाही, म्हणून पोट भरत असेल असं अश्विनीनं धरलं होतं. हल्ली तर ती हसायचीही नाही, हे तिच्या आत्ता ध्यानात आलं.

दुसऱ्या दिवशी साक्षीताई मायलेकींना सरकारी दवाखान्यात घेऊन गेल्या. डॉक्टरीणबाईंनी तपासलं, समोर बसवून खाऊ भरवायला लावलं. भागूनं वाटी चाटूनपुसून संपवली.

"भूक चांगली आहे. ताप नाही, सूज नाही. दाखल करायला नको," बाई म्हणाल्या. "पण दर दोन तासांनी थोडं थोडं खायला हवं. नाचणी, शेंगदाण्याचा कूट, गूळ, वरून चमचाभर तेल, अंडं. आणि दर आठवड्याला वजन. एकही दिवस चुकवायचा नाही."

"न्हाई चुकवणार," अश्विनी म्हणाली.

दुसऱ्या दिवसापासून ती भागूला शेतावर नेऊ लागली. बांधावरच्या करंजाला लुगड्याची झोळी बांधली. आत पोर, शेजारी नाचणीच्या खिरीचा डबा. पहिल्यांदा ती वाफ्यातून उठली तेव्हा टोळीचा मुकादम भिका नुसता बघत राहिला. दुसऱ्यांदा उठली तेव्हा मात्र त्याचा आवाज चढला.

"उपटल्यालं रोप सुकतंय हितं! तू सारखी उठल्यावर तुझी वळ कोण लावणार?"

"सकाळी सगळ्यांच्या आधी येते, भाऊ. वळ पुरी करूनच जाईन."

"तसं न्हाई चालायचं. टोळीबरोबर हात चालला पायजे."

अश्विनी हातातली जुडी ठेवून उभी राहिली. पाय गुडघ्यापर्यंत चिखलात. "मग माझं नाव काढ. पर पोरीचं खाणं मी चुकवणार न्हाई."

तिचा नवरा सावळेराम रोपाची पाटी घेऊन बांधावर उभा होता. तो मुकादमाला म्हणाला, "हिचं नाव काढलंस, तर माझंबी काढ."

भिका पाठ फिरवून पुढच्या वाफ्याकडं गेला. अश्विनी भरवून परत आली तेव्हा शेजारच्या बाईनं सरकून तिच्या ओळीत हातभर रोप लावून टाकलं होतं. पुढच्या खेपेला पलीकडचीनं लावलं. संध्याकाळी वाफे पुरे झाले आणि भिकाला बोलायला जागा राहिली नाही.

पहिल्या आठवड्यात वजन दोनशे ग्रॅमनं वाढलं. दुसऱ्यात आणखी थोडं. तिसऱ्या आठवड्यात भागूला जुलाब लागले आणि वाढलेलं सगळं दोन दिवसांत गेलं.

"एवढं कोंबल्यावर आनखी काय व्हनार?" जानकाबाई म्हणाली. "आता दोन दिस पोटाला इश्रांती दे."

अश्विनी क्षणभर घुटमळली. मग पोरीला कडेवर घेऊन तडक अंगणवाडीत गेली. साक्षीताईंनी मीठ-साखरेची पाकिटं दिली, दवाखान्यातून गोळ्या आणून दिल्या. "खाणं थांबवायचं नाही, अश्विनी. पाणी उकळून पाजायचं, आणि खाणं चालूच."

त्या दिवशी अश्विनी कामावर गेली नाही. चमचा चमचा पाणी, चमचा चमचा पेज. भागू थुंकायची, ती तोंड पुसून पुन्हा भरवायची. दुपारी अश्विनीचा डोळा लागला. जागी झाली तर वाटी जानकाबाईच्या हातात होती. म्हातारी नातीपुढं तोंडाचा आ करून दाखवत होती आणि भागू तिच्याकडं बघून गिळत होती.

सातव्या आठवड्याला काटा सात किलोच्या पुढं गेला. पट्टीची खूण पिवळ्यावर आली. भागू बांध धरून उभी राहायला लागली, आणि हातातला चमचा कुणी काढून घेतला की भोकाड पसरायला लागली. ते रडणं ऐकून टोळीतल्या बाया हसायच्या.

"पिवळं म्हंजे झालं का, ताई?" अश्विनीनं विचारलं.

"अजून नाही. हिरवं व्हायला हवं."

आळ्यातली लागण संपत आली होती. टोळी आता पुढच्या लागणीला पिंपरी पेंढारला निघाली. साक्षीताईंनी कार्डावर वजनं लिहून दिली आणि तिथल्या सेविकेला फोन केला.

टेम्पो पिंपरी पेंढारच्या वेशीत थांबला तशी बायकांची पालाच्या जागेसाठी धावपळ उडाली. अश्विनीनं बोचकं सावळेरामजवळ टाकलं, भागूला कडेवर घेतलं आणि पाणी भरायला निघालेल्या एका बाईला गाठलं.

"मावशे, हितली अंगनवाडी कुठशी हाय?"