तिरकी मान

मी बॉक्सर पारखतो. नव्या पोरापोरींचा सराव बघायचा आणि कंपनीला एक पान लिहून द्यायचं: करार करा, किंवा नको. डॉक्टर करारानंतर तपासतात, तोवर सगळा भरवसा माझ्यावर. वीस वर्षं हेच करतोय, त्यामुळे आपल्याला सगळं कळतं असा माझा समज होता.

त्या दिवशी भाचीला बघायचं होतं. नातं साहेबांना ठाऊक होतं. "तू सख्ख्या आईलाही नापास करशील, जा," म्हणाले. भाचीला आम्ही भिंगरी म्हणतो. तिला शिकवते तिची आई, म्हणजे माझी ताई. ताई माझ्यासारखीच तापट. आमचं क्षणभर पटत नाही आणि एकमेकांवाचून करमतही नाही.

सरावाच्या हॉलमध्ये शिरतो तर दारासमोरच माझं गेल्या वर्षीचं पान! ताईने चक्क फ्रेम करून लावलेलं. "मान डावीकडे वळवून खेळते. स्वतःची शैली आहे, बदलू नका. वर्षाने करारासाठी पुन्हा बघू."

"नाही बदलली हो," ताई म्हणाली. "उलट घोटून घेतली."

भिंगरी सुरेख खेळली. हात चपळ, पाय त्याहून चपळ. मनातल्या मनात मी करार देऊनही टाकला. मग माझी जुनी खोड: सराव संपला, खेळाडू पाणी प्यायला बसला, की बाजूने टॉवेल फेकायचा. चांगला खेळाडू मान न वळवता झेलतो. उजवीकडून फेकला, तिने अलगद झेलला. डावीकडून फेकला, तो तिच्या गालावर बसला.

ती हसली. "चीटिंग करतोस, मामा!"

परत फेकला. परत गालावर. तिसऱ्यांदा माझा हात उठेना.

जवळ जाऊन मी तिचा उजवा डोळा झाकला. "बोटं किती?"

"तीन?" तिने अंदाज मारला. मी एकच धरलं होतं.

"कधीपासून?"

"गेल्या वर्षी कडेने धूसर व्हायला लागलं, म्हणून मान वळवायला लागले. आता बरंच." आईकडे बघायचं ती टाळत होती. "सांगणारच होते रे. पण तू लिहिलंस, शैली आहे. म्हटलं, मामाला कळतं. मग काळजीचं काही नसेल."

ताई माझ्यावर ओरडेल म्हणून मी वाट बघत होतो. ओरडली असती तर बरं झालं असतं. तिने लेकीच्या हातांच्या पट्ट्या सोडायला घेतल्या आणि गाठ काही सुटेना.

"मला तरी दिसायला हवं होतं," ती म्हणाली.

मी तिथेच पान लिहिलं: करार नको. आधीचं मत चुकीचं होतं, चूक माझी. मग भिंतीवरची फ्रेम उतरवली.

"संपलं का रे, मामा?" भिंगरीने विचारलं.

"माहीत नाही, बाळा." वीस वर्षांत हे उत्तर मी कुणाला दिलं नव्हतं. "आधी डोळा वाचवू. चल."

डोळ्यांचा दवाखाना दोन चौक पुढे होता. ताई तिचा उजवा हात धरून चालली. मी डावीकडे झालो, गाड्यांच्या बाजूला.

"मामा, तू तिकडे दिसत नाहीस मला."

"म्हणून तर इकडे आलोय."

"मग बोलत तरी राहा."

दवाखाना येईपर्यंत मी तोंडाला येईल ते बोलत राहिलो.