आमदारांच्या खिशातलं भिंग

मी भिंग बोलतोय. सावित्री नदीच्या पाण्याची शपथ घेऊन सांगतो, पुढे जे ऐकाल त्यातलं अक्षर न अक्षर खरं आहे. तिळाएवढंही वाढवलेलं नाही.

आता तुम्ही म्हणाल, भिंगाने अशी शपथ घ्यावी? बरोबर आहे तुमचं. जे असेल ते दहापट करून दाखवायचं, हाच माझा जन्माचा धंदा. तेव्हा थोडं वाढलं असणारच. कुठे वाढलं ते शेवटी सांगतो. आधी सांगितलं तर तुम्ही ऐकायला बसणार नाही.

माझा जन्म जर्मनीतला. म्हणजे माझ्या डबीवर तसं छापलेलं आहे. खरं तर मी अंबाल्याचा. एका कारखान्यात मला घासलं, पोलादी कवचात बसवलं आणि मिटता-उघडता यावं म्हणून बिजागरी लावली. तिथून फिरत फिरत मी मुंबईत फोर्टच्या फुटपाथवर येऊन पडलो आणि महाडच्या चिंतामणी शेट्ये यांनी मला उचललं. तेव्हा ते नुकतेच जुन्या नाण्यांच्या धंद्यात पडले होते. सगळे त्यांना भाऊ म्हणत, म्हणून मीही भाऊच म्हणतो.

महाडच्या बाजारपेठेत भाऊंचं दुकान होतं. दुकान कसलं, एक टेबल, काचेचं कपाट आणि पुराचं पाणी कुठवर आलं होतं ते दाखवणारी भिंतीवरची रेघ. एका पुरात मीही बुडालो होतो. सावित्रीचा गाळ अजून माझ्या बिजागरीत आहे. मिटताना किंचित कुरकुरतो तो त्यामुळे, वयामुळे नाही.

भाऊंची नाणं तपासायची एक रीत होती. माणसं नाणं टेबलावर ठेवत ती चेहरा वर करून. अक्षरं दाखवत, छाप दाखवत. भाऊ तिकडे बघतच नसत. ते नाणं दोन बोटांत उभं धरायचे आणि मला लावून आधी त्याची कड बघायचे. साच्यात ओतलेल्या नकली नाण्याला कडेने बारीक सांधा राहतो. भाऊ म्हणायचे, "चेहऱ्यावर सगळेच मेहनत घेतात. कडेवर कोण घेतो?"

मग ते मला मिटत आणि एकच शब्द बोलत. खरं, किंवा खोटं. समोरचा सावकार असो नाहीतर गुराखी, आवाज तोच. दासगावच्या एका बड्या घरात साखरपुड्याच्या दिवशी व्याह्यांनी मिरवलेली सोन्याची मोहोर भाऊंच्या हातात दिली गेली. सगळे पाहुणे बघत होते. भाऊंनी कड बघितली, मला मिटलं आणि म्हणाले, "खोटी." जेवणाची पंगत बसायची होती. आम्हाला उपाशी परत यावं लागलं. पण त्या दिवसापासून तालुक्यात भाऊंचा शब्द चालू लागला.

पोलादपूरच्या वर, आंबेनळी घाटाच्या अंगाला उंबरकोंड नावाची वाडी आहे. तिथली बनुबाई एकदा दुकानात आली. लुगड्याच्या पदराच्या गाठीत देव्हाऱ्यातली तांब्याची शिवराई. तिचा दीर दत्ताराम चारचौघांत म्हणाला होता की ही बाजारातून आणलेली नकली आहे, म्हणून ती घाटातून उतरून आली होती. निघण्याआधी बाईने ती आमसूल लावून, वर राखेने घासून, आरशासारखी लखलखीत केली होती. भाऊंनी कपाळाला हात लावला. जुन्या तांब्यावर वर्षानुवर्षांनी जी काळसर साय धरते तीच नाण्याची किंमत. बनुबाईने ती एका सकाळी धुऊन टाकली होती.

"खरी आहे," भाऊ म्हणाले. "पण घासून घासून तुम्ही हिचं वय पुसलंत, बनुताई."

"खरी हाय ना? मंग वय कशाला पायजे? दत्तारामाच्या तोंडावर मारते आता," बनुबाई म्हणाली. मग ती टेबलावर वाकली. "पन तुमी वलकलाव कशावरनं?"

भाऊंनी मला तिच्या डोळ्याशी धरलं आणि कड दाखवली. त्यांनी माझ्यातून दुसऱ्या कुणाला बघू दिलं, ते तेव्हाच पहिल्यांदा.

पुढे निवडणूक आली. तोंडावर खोटं म्हणणारा माणूस विधानसभेत जायला हवा, असं लोक म्हणू लागले. पक्षाच्या मंडळींनाही असा चेहरा हवाच होता. भाऊंच्या पत्नी कालिंदीवहिनींना तेवढं ते पटत नव्हतं. एका दुपारी ताट वाढताना म्हणाल्या, "नाण्याला खोटं म्हटलं तर ते परत येऊन भांडत नाही. माणसं येतील." भाऊ हसले आणि अर्ज भरून आले.

प्रचाराच्या गाड्या अरविंदशेठने दिल्या. रस्ते, पूल, भिंती बांधणारा हा ठेकेदार. मंडपही त्याचाच आणि हारही त्याचेच. भाऊ निवडून आले, दुकानाचं शटर खाली आलं आणि मी जाकिटाच्या खिशात राहायला गेलो.

खिशातून दिसत काही नाही, पण ऐकू सगळं येतं. एकदा तर सभागृहात एका मंत्र्याचं भाषण चालू असताना मी खिशात आपोआप उघडलो. खरं सांगतोय. भाऊंनी अंगठ्याने मला मिटलं. मी परत उघडलो. बाकी भाऊ मला बाहेर काढत नसत. भाषण करताना नुसते अंगठ्याने चोळत राहत. लोक कागद पुढे करत, वरचा मथळा बघून भाऊ सही करत. कड बघायला वेळ कुणाला होता?

गेल्या वर्षीच्या पावसाळ्यात उंबरकोंडच्या डोक्यावरच्या डोंगराला भेग पडली. बनुबाई वाडीतली माणसं घेऊन महाडला आली. भाऊंनी धावपळ केली, हे मान्य केलंच पाहिजे. संरक्षक भिंत मंजूर करून आणली. काम मिळालं अरविंदशेठला. उन्हाळ्यात भिंत उभी राहिली आणि पाऊस यायच्या आत लोकार्पण ठरलं.

त्या दिवशी वाडीवर काय काय होतं ते मला पुढे बनुबाईकडून कळलं. मंडप, माइक, फुगे. भिंत पांढरीशुभ्र, गुळगुळीत, वर केशरी पट्टा, मधोमध भाऊंच्या नावाची कोनशिला. खाली उतारावर कौलारू घरं. बनुबाईचं घर पहिलं. डोंगर सुटला तर आधी तिच्याच ओटीवर येणार.

भाऊ फितीकडे निघाले तेव्हा बनुबाई आडवी आली. पोलीस पुढे झाले, पण भाऊंनी त्यांना थांबवलं.

"चेरा लय ग्वाड केलाय, भाऊ," ती म्हणाली. "कड बगा."

अरविंदशेठ हसून म्हणाला, "मावशी, साहेबांना उशीर होतोय."

भाऊ वळले आणि भिंत जिथे डोंगराला टेकते त्या टोकाला गेले. मी कित्येक दिवसांनी उजेडात आलो. भाऊंनी मला कडेला लावलं आणि आम्ही दोघांनी बघितलं. वर बोटभर गिलावा. आत सुकी दगडमाती. जिथे सिमेंट होतं तिथे वाळूचे कण एकमेकांना ओळखतही नव्हते. नखाने खरवडलं तर भुरभुर खाली.

भाऊंनी मला मिटलं. मंडपात आले. माइक हातात घेतला. सगळी वाडी बघत होती. अरविंदशेठ नारळ धरून उभा होता. आणि दासगावच्या पंगतीत ज्या आवाजात बोलले होते, त्याच आवाजात भाऊ म्हणाले, "खोटी."

शेठच्या हातातला नारळ पडला आणि आपोआप फुटला. माणसं उठून उभी राहिली. त्याच संध्याकाळी भिंत पाडायचा हुकूम निघाला आणि मी खिशात इतका फुगलो की जाकिटाचं बटण तुटलं.

इथे थांबलो असतो तर बरं झालं असतं. पण शेवटी सांगेन म्हणालो होतो.

तो शब्द माइकवर बोलला गेला नाही. तेवढं मी वाढवलं. नारळ पडला नाही, माणसं उठली नाहीत, हुकूम निघाला नाही, बटणही तुटलं नाही. सभागृहात मी आपोआप उघडलो, तेही सोडून द्या. बाकीचं सगळं खरं. आम्ही कड बघितली, हे खरं. वाळू भुरभुरली, हे खरं. मग ते मंडपात आले, ताटातली कात्री उचलली आणि फीत कापली. भाषण अगदी छोटं केलं. सगळा वेळ मला चोळत होते. मी तापलो होतो.

भाऊ गाडीत बसत असताना बनुबाई दाराशी आली. "काय दिसला, भाऊ?"

भाऊंनी मला खिशातून काढलं, तिच्या तळहातावर ठेवलं आणि तिची बोटं स्वतःच्या हाताने मिटली. गाडी घाटाला लागली.

बनुबाईने मला पदराच्या गाठीत बांधलं. मग वाडीत जाऊन म्हणाली, "भाऊंनी भिंग दिलान. भिंत खोटी म्हनायची हिंमत नाय उरली म्हनून दिलान. आपुन हितं निजायचं नाय." दत्तारामने जन्मात कधी तिचं ऐकलं नव्हतं, पण त्यानेच आधी आपली गुरं सोडली. वाडी पलीकडच्या सपाटीवर, देवळाशेजारी पत्रे उभे करून राहायला गेली. सपाटीवरून रोज उतरून माणसं आपली शेतं करतात आणि दिवे लागायच्या आत परत वर जातात. पाऊस संपत आला. भिंत अजून उभी आहे. डोंगरही उभा आहे. कधीपर्यंत, ते दोघांनाच ठाऊक.

मी आता बनुबाईच्या देव्हाऱ्यात असतो, त्या शिवराईच्या शेजारी. दसऱ्याला तिने आम्हा दोघांना आमसूल आणि राखेने घासलं. माझं कवच चकाकतंय आणि काचेवर ओरखडे उठलेत. तिच्या मायेचे आहेत, तक्रार नाही. पण हल्ली सगळं धूसर दिसतं.

भाऊंवर माझा राग नाही, असं म्हटलं तर ते मात्र खोटं होईल. त्यांनी खरं सांगितलं, पण एकटीच्या मुठीत सांगितलं. वाडी वाचेलही त्याने. पण अरविंदशेठ आता पुढच्या वाडीवर भिंत बांधतोय. पांढरीशुभ्र. तिथल्या बाईला कड बघायला कुणी शिकवलेलं नाही.

भाऊ, मला न्यायला या. ओरखड्यांतूनही मला कड दिसते अजून. बनुबाई नाही म्हणणार नाही, रोज दिवा लावताना ती घाटाकडे बघते. फक्त येताना माइक घेऊन या.