'सातवे यान'चा पाचवा भाग

जयसिंगने आपल्या लेखात ज्याला 'विज्ञानाचा सदरा घातलेले रडगाणे' म्हटले, तो 'सातवे यान'चा पाचवा भाग मी आमच्या शाळेच्या ओसरीवर बसून ऐकला होता. पुस्तक पुन्हा उघडता येते. रेडिओवरचे नाटक एकदा वाऱ्यावर गेले की गेलेच. त्याची बाजू घ्यायची तर ऐकणाऱ्याच्या आठवणीखेरीज दुसरा आधार उरत नाही. म्हणून आधी तेच सांगतो.

मी तेव्हा मुळशीच्या धरणाकाठी, आमच्याच गावात शाळामास्तर होतो. गावासाठी आलेला सरकारी रेडिओ शाळेत असे आणि त्याच्या कळा फिरवण्याचे काम माझ्याकडे होते. ते मला मनापासून आवडे. माणसांत बसायचे आणि तरी बोलायचे नाही, अशी सोय दुसऱ्या कुठल्याही कामात नव्हती. दिल्लीत म्हणे चित्रे दाखवणारा रेडिओ निघाला होता. आमच्या ओसरीवर नुसत्या आवाजातून चित्रे उभी राहत. पूर्वी शेतीचा कार्यक्रम संपला की माणसे धोतर झटकून उठत. 'सातवे यान' सुरू झाल्यापासून गुरुवारी कोणी उठेनासे झाले.

पाचव्या भागात यानावर एकटा अनिरुद्ध उरलेला असतो. सोबतीला एक बोलके यंत्र. मागे पृथ्वी नाहीशी झाली आहे आणि ते त्याला ठाऊक आहे. यानातली वीज संपत येते, तेव्हा पृथ्वीचा आवाज ऐकण्याचे यंत्र तो स्वतःच्या हाताने बंद करतो. ती वीज त्याला कुंडीतल्या वालाच्या वेलासाठी हवी असते. पृथ्वीशी बोलण्याचे यंत्र मात्र तो चालू ठेवतो. रोज संध्याकाळी त्याच्यापुढे बसून सांगतो, आज एका तांबड्या ताऱ्याला वळसा घातला, आज वेलाला फूल आले. बोलके यंत्र विचारते, "आपण हे कोणाला सांगता?" तो उत्तर देत नाही. शेवटी यान एका ग्रहावर उतरते. दाराला हात लावून तो परत फिरतो, बोलण्याच्या यंत्रापुढे बसतो आणि म्हणतो, "पोहोचलो." मग बराच वेळ काहीच नाही. नुसती रेडिओची खरखर.

त्या खरखरीत बायकांच्या बाजूने गोजराबाई मोठ्याने म्हणाल्या, "बरं झालं बाबा, सुकरूप पोचलास."

कोणी हसले नाही. त्यांचे यजमान हैबतराव एरवी बायकोला टोमणा मारल्याशिवाय राहत नसत. तेही थोड्या वेळाने एवढेच म्हणाले, "मास्तर, बॅटरी जळतीया, बंद करा."

जयसिंग हा या दोघांचा मुलगा. लहानपणी तो आणि मी एकाच पाटीवर उजळणी गिरवलेली. पुढे तो पुण्याला कॉलेजात गेला, पदार्थविज्ञान शिकला आणि तिथल्या एका साप्ताहिकात रेडिओच्या कार्यक्रमांवर लिहू लागला. वैशाखात स्वतःच्या लग्नासाठी घरी आला तो या लेखाचा अंक घेऊनच. त्याच ओसरीवर, त्याच माणसांना त्याने लेख वाचून दाखवला. 'ज्याने ऐकण्याचे यंत्र आपल्या हाताने बंद केले, तोच रोज बोलत बसतो. हा अंतराळवीर नव्हे, हा भ्रमिष्ट आहे. ज्या श्रोत्यांचे डोळे यामुळे ओले झाले असतील, त्यांनी ते पुसून मगच विज्ञानाकडे वळावे.'

"छापून आलंय," हैबतराव सगळ्यांकडे बघत म्हणाले. "पोराचं नाव बी हाय खाली."

"पर म्हंजी काय म्हनला त्यो?" गोजराबाईंनी विचारले.

"तू येडी हायेस म्हनतोय, काकी," कोणीतरी सांगितले.

"त्ये तर त्याचा बाप रोजच म्हनतोय. त्याला छापायला कशापायी लागतंय?"

हसण्याची लाट आली. जयसिंगही हसला, पण त्याचे कान लाल झाले. आपली आई त्या ओल्या डोळ्यांच्या श्रोत्यांत बसली होती, हे त्याला तोपर्यंत माहीत नव्हते.

इथवर सारे चेष्टेवर निभावले असते. पण दुसऱ्या दिवशी सकाळची शाळा सुटण्याच्या वेळी गोजराबाई पायरीशी येऊन उभ्या राहिल्या. पदराचे टोक बोटाला गुंडाळून पुन्हा सोडत होत्या.

"मास्तर, त्यो हाक मारनार न्हाई म्हनतोय."

आमच्या गावची ही रीत परक्याला सांगावी लागते. धरण झाले तेव्हा आमची खालची वाडी पाण्यात गेली. वाघजाई देवीचे देऊळही गेले. तेव्हापासून इथे लग्न निघाले की पहिली अक्षत पाण्याला देतात. नवरा किंवा नवरी काठावर उभी राहते, हळदीचे तांदूळ पाण्यावर सोडते आणि देवीला हाक मारून लग्नाला बोलावते. देवीमागून आपल्या घरची जी माणसे खालच्या वाडीत होऊन गेली, त्यांनाही नाव घेऊन बोलवायचे. हाक मोठ्याने मारायची, पलीकडच्या डोंगराला जाईल अशी. वाडी उठण्याआधीच गोजराबाईंची आई तिथे तापाने गेली होती. गोजराबाई तेव्हा परकरात होत्या. त्यांचे माहेर सगळे त्या पाण्याखाली.

"माझ्या आईला बोलावनं जायचं न्हाई तर मग लगीन कुनाचं करायचं?" त्या म्हणाल्या. "मी मारली हाक तर चालत न्हाई, नवऱ्यानंच मारावी लागती. तू बोल त्याच्याशी. तुझं आयकतो."

माझे कोणी ऐकत नसे. ऐकण्यासारखे मी कधी काही बोललोच नव्हतो. पण 'नाही' म्हणण्यासाठीही बोलावेच लागते, म्हणून होकारार्थी मान हलवली.

दुपारी मांडवासाठी जांभळीचे डहाळे आणायला जयसिंग निघाला, त्याच्याबरोबर मी गेलो. उतारावर ऊन कडक झाले होते. खाली धरणाचे पाणी वाऱ्याच्या प्रत्येक झुळकीने सुरकुतत होते आणि पुन्हा सपाट होत होते, जणू काही सांगायला घ्यावे आणि राहून जावे. आईचा विषय कसा काढावा ते मला सुचेना. म्हणून मी मला येत होते तेच काढले.

"तुझा लेख मला पटला नाही."

त्याचा कोयता झाडाच्या बेचक्यात तसाच राहिला. "तुला? भिवा, तू मला असं कधी म्हणाला नाहीस."

"आज म्हणतो. नाटकात उणिवा होत्या. ते व्हायोलिन फार वाजवलं. ते बोलकं यंत्र तर हंड्यात तोंड घालून बोलल्यासारखं बोलत होतं."

"मग?"

"पण तू अनिरुद्धला भ्रमिष्ट म्हटलंस. तो भ्रमिष्ट नाही."

"अरे, ऐकायचं यंत्र बंद करतो आणि बोलायचं चालू ठेवतो! लेखकाला रेडिओ कळत नाही किंवा माणूस कळत नाही. दोन्हीपैकी एक धर."

"भ्रमिष्ट असता तर त्यानं ते कधीच बंद केलं नसतं," मी म्हणालो. माझा आवाज मलाच अनोळखी वाटत होता. "आज ना उद्या उत्तर येईल म्हणून कान लावून बसला असता. वेल वाळला असता आणि हा कान लावून बसला असता. त्यानं ते बंद केलं, तिथंच लेखकानं सांगून टाकलं, याला काहीएक भ्रम नाही. उत्तर येणार नाही हे त्याच्याइतकं कोणालाच माहीत नाही. मग जे बोलणं उरतं ते उत्तरासाठी नसतं."

"मग कशासाठी असतं?"

"ज्यांनी त्याला पाठवलं, निरोप द्यायला आले, फराळाचं बांधून दिलं, ती माणसं नाहीत, एवढं खरं. पण त्यांनी पाठवलं होतं हेही खरंच ना? ते कसं पुसायचं? तो रोज बोलतो म्हणून तो पाठवलेला माणूस राहतो. गप्प झाला असता तर नुसता भरकटलेला माणूस झाला असता. तू लेखात विजेचा हिशेब मांडलास आणि तो बरोबर आहे. पण वीज कशावर खर्चली ते बघ ना. एक वेल आणि एक बोलणं. बाकी सगळं बंद केलंय त्यानं."

इतके सलग मी आयुष्यात कोणाशी बोललो नव्हतो. जयसिंगने खालच्या पाण्याकडे पाहिले आणि तो डहाळ्यांच्या ढिगावर बसला.

"आईनं पाठवलं तुला."

"हो. पण हे माझं आहे. ऐकलं त्या दिवसापासून मनात आहे."

"तुला वाटतं, पुण्याचे मित्र हसतील म्हणून मी नको म्हणतो?" तो म्हणाला. "बाबाही तेच म्हणतात. तसं नाही रे. लहानपणी मी प्रत्येक लग्नाला काठावर जायचो. सगळ्यांना तिथं काहीतरी दिसायचं. कोणी म्हणे आमचं अंगण तिथं, कोणी म्हणे आमचा जोत्याचा दगड. मला पाणी दिसायचं. अजून पाणीच दिसतं. तिथं उभं राहून, दिसतंय असं दाखवून हाक मारायची, हे माझ्यानं होणार नाही. आईपुढे तर नाहीच."

त्याच्या लेखातली सारी धार कुठून आली होती ते मला त्या क्षणी कळले, आणि मला त्याचा राग येईना. ज्या घरात सगळे एका बाजूला बघून डोळे टिपतात, त्या घरात कोरड्या डोळ्यांचे मूल किती एकटे असेल.

"त्याला तरी काय दिसत होतं?" मी म्हणालो. "यानाच्या खिडकीतून नुसता काळोख. त्यानं कुठं सांगितलं की मला पृथ्वी दिसते म्हणून? दिसतंय असं तू दाखवूच नकोस."

मग उठून त्याने मोळी बांधली. "लेखातला एक शब्द मी बदलणार नाही," तो म्हणाला.

"नको बदलूस."

दुसऱ्या दिवशी सकाळी हळदीच्या आधी मंडळी काठावर उतरली. पाणी उन्हाळ्याने बरेच मागे हटले होते. चिखलाला पडलेल्या भेगांवरून बायका जपून पाय टाकत होत्या. अक्षतांचे ताट माझ्या हातात दिले होते. जयसिंग येईल की नाही हे कोणालाच ठाऊक नव्हते. तो आला, अनवाणी, मुंडावळ्यांशिवाय. कोणाकडे न बघता त्याने मूठभर तांदूळ घेतले आणि पाण्यावर सोडले.

"आई वाघजाई," तो म्हणाला. आवाज काठापलीकडे गेला नाही.

"पुण्याची हाक हाय," हैबतराव म्हणाले. "तिकीट काढून जाती."

लोक हसले, आणि त्या हसण्याच्या आडोशाने जयसिंगने पुन्हा हाक मारली. ही मोठी होती. पलीकडच्या डोंगरावरून तिचे शेवटचे अक्षर परत आले. "मी जयसिंग. माझं लग्न आहे." तो थांबला. गोजराबाई त्याच्यामागे उभ्या होत्या. त्यांनी डोळे मिटले होते.

जयसिंग मागे वळला. "आई," तो हळू आवाजात म्हणाला, "आजीचं नाव काय?"

इतकी वर्षे घरात 'माझी आई', 'माझी आई' एवढेच तो ऐकत आला होता. नाव त्याने कधी विचारले नव्हते आणि त्यांनीही कधी सांगितले नव्हते. गोजराबाईंनी डोळे उघडले. वाटले, त्या रडतील. त्यांचा चेहरा मात्र फळ्यापुढे उभ्या केलेल्या मुलीसारखा झाला.

"रंभाबाई," त्या म्हणाल्या. आणि पुन्हा, स्वतःशीच पडताळून पाहावे तसे, "रंभाबाई."

"रंभाबाई!" जयसिंगने पाण्यावरून हाक मारली. "मी तुमच्या गोजराचा मुलगा. लग्नाला या."

"नुसती रंभाबाई न्हाई, आजी म्हन," गोजराबाईंनी त्याला दटावले. "मोठी मान्सं हायेत ती."

"आजी, लग्नाला या."

"आता मामा. धाकला व्हता, बसायला लागला आन् ग्येला. भिकू त्याचं नाव." त्या पुढे सरकल्या, पाण्यात त्यांचे पाऊल बुडाले तरी त्यांना कळले नाही. "मग शेजारच्या तुकाबाई. तिनं मला न्हाऊ घातलं व्हतं. तिच्या पल्याड कोंडाबाईचं घर, दारात शेवगा."

तो हाका मारत गेला. प्रत्येक नावानंतर तो आईकडे बघे आणि पुढच्या नावाची वाट पाही. ऊन चढले. मांडवात हळद वाटून वाळत असेल, असे कोणीतरी पुटपुटले. नवरदेवाचा घसा लग्नाआधीच बसणार, असे दुसरे कोणी म्हणाले. ताटातल्या अक्षता संपत आल्या, तेव्हा चार बायकांनी आपापल्या ओटीतले तांदूळ त्यात ओतले. गोजराबाईंचे कोणाकडेच लक्ष नव्हते. गुडघाभर पाण्यात उभे राहून, हाताने दिशा दाखवत, त्या खालच्या वाडीच्या दुसऱ्या आळीत शिरल्या होत्या.